वजन वाढवतंय कोण

४ जानेवारी
आले एकदाची सालवडला! निघताना आई रडली, मी मात्र खुशीत. औषधांच्या कंपनीत, लॅबमध्ये नोकरी. घरमालकीण सुलूताईंची वरची खोली, सोबतीला रुचिता. तीही कंपनीतच, पण पाळी वेगळी. दुपारी घरी असते. जिम लांब, म्हणून डंबेल्स मागवलेत. चकती फिरवली की वजन कमी-जास्त होतं. पाच किलोवर सुरुवात केली. दंड असे छान ठणकताहेत!

११ जानेवारी
कामावरून आले तर चकती दहावर. रुचिताला विचारलं. हसली. म्हणाली, मला पाण्याची बादली उचलवत नाही.

१५ जानेवारी
आज पंधरा. डंबेल्सच्या मुठी घामाने ओल्या. रुचिता सरळ नाही म्हणते. खोटं बोलतेय. सुलूताईंकडे दुसरी किल्ली आहे, त्यांनाही विचारलं. भडकल्याच. "आमी कशाला येऊ वर? तुमीच आदळआपट कमी करा. दुपारभर डोक्यावर धाडधाड चालू हाय!"
दुपारी म्हणजे रुचिताच.

१८ जानेवारी
तोंडावर खोटारडी म्हटलं तिला. रडत रडत बॅग भरली आणि बेटेगावला मावशीकडे गेली. कुलूप बदललं. किल्ली फक्त माझ्याकडे. सुटले.

१९ जानेवारी
वीस.
सुलूताईंनी विचारलं, आज सुट्टी होती का? वर धाडधाड चालू होती म्हणे.
मी कंपनीत होते.

२१ जानेवारी
लॅबमधल्या मेहुलला घरी आणलं. म्हटलं, घेऊन जा हे. त्याला जागचे हलेनात. मी एका हाताने एक डंबेल उचलला — काडीसारखा हलका. मेहुल माझ्या मनगटाकडे बघत राहिला. म्हणाला, बोटं उमटलीत तुझ्या हातावर. कुणाची?
चहा न घेताच गेला.

२२ जानेवारी, दुपार
डाव्या हाताने लिहितेय. उजव्यात डंबेल आहे. मूठ उघडत नाही — वरून कुणीतरी आवळून धरलीय. दिसत नाही.
रुचिताला फोन केला. चुकलं म्हटलं. निघते म्हणाली.
हात वर चाललाय. मी नाही उचलत —
चकती फिरतेय. टक. टक.
सुलूताई दार वाजवताहेत. "अर्चना, कोण हाय गं आत तुज्याबरोबर?"
कडी काढायला उठले तर खांदे धरून मला खाली