पाच गल्ल्यांची अमेरिका

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

गुरुजींनी आज खुर्ची सोडली. गुडघ्याचं ऑपरेशन, पुण्याला लेकाकडं राहणार. वाचनालयाचं अध्यक्षपद मोकळं!

ती खुर्ची मला पाहिजे. या पानापासून काय लपवायचं. सागवानी, हाताची. गावातली ही एकच खुर्ची अशी की तिच्यात बसून पेपर वाचला तर माणूस वाचून राहिलाय असं दिसतं. बाकीच्यांना सतरंजी. सातवीत शाळा सुटली, पुढचं सगळं शिक्षण त्या सतरंजीवर झालं — वाइंडिंग पुस्तकातून, इंग्रजी डिक्शनरीतून, अमेरिका पेपरातून. तीस वर्षं खाली बसून वर बघतोय.

दुसरा इच्छुक भागवत, खताच्या दुकानाचा. चारचौघांत म्हणाला, "अध्यक्षाला सही लागती माणिकराव, फुलस्टॉप न्हाई." त्याचं कारण माझी पाटी. 'येथे मोटार वाइंडिंग करून मिळेल.' — पूर्णविरामासकट. मी सहीच्या शेवटीही पूर्णविराम देतो. संपलं ते संपलं, लोकांना कळायला नको? हसू द्या.

२६ नोव्हेंबर

आपल्याकडं अध्यक्ष 'सर्वानुमते' होतो. म्हणजे चार जण भागवतच्या दुकानात फुकटचा चहा पितात आणि बाकीचं गाव मान हलवतं. तसं झालं तर मी गेलोच.

गुरुजींना म्हटलं, निवडणूक घ्या. जाताना तेवढं करा. "कशी घ्यायची माणिक?" म्हटलं, अमेरिकेसारखी! नुसती डोकी मोजायची नाहीत. गल्लीवार मोजायची. प्रत्येक गल्लीला घरांप्रमाणे इलेक्टर, म्हणजे गल्लीच्या वतीनं शेवटचं मत देणारी माणसं, त्यात दोन हक्काचे, तिकडं प्रत्येक राज्याला दोन सिनेटर असतात तसे. जो गल्ली जिंकला, त्या गल्लीचे सगळे इलेक्टर त्याचे.

गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. "यात तुझा काय फायदा?"

गुरुजी ते गुरुजीच. माझी गिऱ्हाइकं मारुती गल्लीत आणि मळा वस्तीवर. मळ्यात घरं मोजकी, पण दोन हक्काचे धरले की वजन वाढतं. भागवतला हे गणित पुढच्या हळदीच्या पिकापर्यंत कळायचं नाही.

२७ नोव्हेंबर

गुरुजींनी बैठक घेतली. मंजूर! मारुती गल्ली चार, बाजार गल्ली तीन, भीमनगर तीन, खालची गल्ली तीन, मळा वस्ती दोन. एकूण पंधरा, आठ मिळाले की खुर्ची. रविवारी १५ डिसेंबरला गाव मत देणार, मंगळवारी १७ ला इलेक्टर. १७ मुद्दाम — तिकडचे इलेक्टर त्याच दिवशी मत देतात.

बायकांनाही मत. भागवत म्हणाला, बायका कधी वाचनालयात येतेत का? मी म्हटलं, अमेरिकेनं हा प्रश्न १९२० साली मिटवला. मला बायकांचं फार काही होतं असं नाही, पण नियम म्हणजे नियम.

समजावताना घसा बसला. काँग्रेस म्हणजे तिकडची संसद, अध्यक्षाला अडवणारी, असं म्हटलं तर मागून एक म्हातारा, "म्हंजे तिकडं बी अडवायचंच काम हाय का काँग्रेसला?" बैठक तिथंच मोडली. इलेक्टोरल कॉलेजवर यायला वेळच उरला नाही. नुसतं नाव सांगितलं.

२९ नोव्हेंबर

आज मजा.

भीमनगरच्या रुक्माबाई दुकानात आल्या. गावच्या आशा कार्यकर्ती आहेत, बचत गटाच्या अध्यक्षही. "भाऊ, अमेरिकेचं कॉलेज येऊन राहिलं म्हणे गावात?"

माझ्या हातात तांब्याची तार होती. ती खाली ठेवली. म्हटलं, "इलेक्टोरल कॉलेज येणार, रुक्माबाई. १७ डिसेंबरला. हे खरं हाय."

"बरं झालं बाई. पोरींची कॉलेजासाठी वसमतची जीप वाचली. टपावर बसायचंच बाकी ऱ्हायलं होतं." आणि जाताना, "आमच्या गल्लीचं तुमालाच."

मी एक शब्द खोटा बोललो नाही. वर वाचून बघावं.

१ डिसेंबर

मतपत्रिका तयार केली, स्वतःच्या हातानं. वर मी, खाली भागवत (अ, आ, इ प्रमाणे भागवत आधी येतो, पण आडनावावरून लावलं), आणि त्याखाली एक रिकामी ओळ.

जनका (आमची बायको) भाकरी थापता थापता म्हणाली, "ही ओळ काहून रिकामी?"

सांगितलं — तिकडं छापलेली नावं पसंत नसतील तर मतदार आपल्या मनातलं नाव लिहू शकतो.

"कोणाचं बी?"

"कोणाचं बी. पण कोणी लिहीत न्हाई. फुली मारायची सोडून अक्षरं काढायची तकलीफ कोण घेतंय."

"आन् लिहिताना चुकलं तर?"

हाच प्रश्न गुरुजींनीही विचारला होता. तिकडं बऱ्याच राज्यांत माणूस ओळखू आला की मत धरतात. तोच नियम घातला: शुद्धलेखनाची चूक माफ. माझ्यासारख्या माणसानं हे लिहायचं म्हणजे! पेन अडत होतं.

तिनं भाकरी उलटली.

४ डिसेंबर

तिकडं उमेदवार आधी पक्षातल्याच लोकांच्या मतांवर निवडून यावा लागतो, मग खरी निवडणूक. त्याला प्रायमरी म्हणतात. आपल्याकडं तिकीट मुंबईहून येतं, तेही शेवटच्या रात्री. भागवतला हे सांगितलं तर म्हणाला, आपल्या गावात हायस्कूल हाय, प्रायमरीत काहून जायचं.

संध्याकाळी गोठ्यात बायकांचा आवाज. प्रतीक्षा (आमची मुलगी, बी. ए. पहिलं वर्ष, तलाठ्याच्या परीक्षेची तयारी) दहा-बारा बायकांना पाटीवर अक्षरं गिरवायला लावत होती. रुक्माबाई होत्या, खालच्या गल्लीच्या दोघी-तिघी होत्या. मला बघून सगळ्यांनी पाट्या पदराखाली घेतल्या.

"काय शिकवून राहिली?"

"तीनच अक्षरं बाबा. सुरुवात म्हणून."

कॉलेज येणार म्हटलं तर बायका अक्षरं गिरवायला लागल्या! नुसत्या एका शब्दानं. छाती भरून आली.

७ डिसेंबर

लाइटचं व्होल्टेज पडलं. मळ्यातल्या विहिरींवरच्या चार मोटारी जळाल्या, चारही माझ्याकडं आल्या. प्रचार आपोआप.

१० डिसेंबर

प्रतीक्षानं जेवताना ताट बाजूला सारलं.

"बाबा, त्या कॉलेजात वर्ग नसतेत. मास्तर नसतेत. आमच्या पुस्तकात हाय. नुसती मतं द्यायला माणसं जमतेत, त्याला कॉलेज म्हणतेत."

मी म्हटलं, बराबर.

"रुक्मामावशीला माहीत हाय का?"

मी म्हटलं, मी खोटं बोललो नाही.

"तसं न्हाई विचारलं मी."

नंतर विषय बदलावा म्हणून म्हटलं, गोठ्यात कशाला वाचत बसती, वाचनालयात जात जा. घराच्या समोर तर आहे. ती म्हणाली, "तिथं मी आत गेले की सगळे पेपर खाली होतेत बाबा."

मला कळलं नाही. डिक्शनरीत असतं तर बघितलं असतं.

१२ डिसेंबर

दुपारी वाचनालयात मुद्दाम बसलो. सातजण, चार पेपर. कोपऱ्यात पत्त्यांचा डाव. भीमनगरची राणी आली, भरतीची जाहिरात बघायला. दारात चप्पल काढली आणि चारही पेपर खाली झाले. एकदम, जसा कोणी इशारा केला.

त्यातला एक माझा होता.

पोरगी जाहिरात न बघताच गेली. तीस वर्षांत मला हे कधी दिसलं नाही, कारण मी पेपराच्या या बाजूला होतो.

१४ डिसेंबर

गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेलं सापडलं. एकाखाली एक, दहा-पंधरा हातांनी. जनका. जनका. जानका. जका.

ज, न, का. तीन अक्षरं.

सरळ चुलीपाशी गेलो. "हे काय हाय?"

"तुमीच म्हणालात, कोणाचं बी नाव."

"नवऱ्याच्या विरोधात उभी ऱ्हायलीस?"

"उभी कुठं ऱ्हायले, मी तर बसलेच हाय." तव्यावर पाणी मारलं. मग म्हणाली, "अहो, तुमचं कॉलेज एका दिवसाचं. मंगळवारी येणार आन् मंगळवारीच जाणार. रुक्माबाईला मी सांगितलं ते. हसली बिचारी. मंग म्हणली, जनकाबाई, आपण रोजचं करू. दुपारी दोन ते पाच वाचनालय पोरींचं. त्या वेळात बाप्यांनी यायचं न्हाई. बस, एवढंच. तुमची खुर्ची आमाला नको."

"मग मला मत देऊन मलाच सांगायचं, मी केलं असतं."

"केलं असतं?"

एवढंच विचारलं तिनं. जेवलो नाही. नंतर जेवलो — पिठलं होतं.

१५ डिसेंबर, रविवार

मतदान झालं. गुरुजींनी वाचनालयातच आडोसा केला होता, जुनी सतरंजी दोरीवर टाकून. माझीच सतरंजी. तिच्यामागं उभा राहिलो, पेन हातात घेतलं. बाहेरून भागवत ओरडला, "माणिकराव, फुली मारून राहिले का निबंध लिहून?"

कोणाला मत दिलं ते इथं लिहीत नाही. मतदान गुप्त असतं, रोजनिशीपासूनसुद्धा.

संध्याकाळी मोजणी. मारुती गल्ली आणि मळा वस्ती माझ्या. भरघोस! सहा इलेक्टर. भीमनगर आणि खालची गल्ली जनकाच्या. तिचेही सहा. राहिली बाजार गल्ली, म्हणजे आमची स्वतःची.

गुरुजी रिकाम्या ओळीवरची नावं मोठ्यानं वाचत होते. "जनका. जानका. हे 'जनक' — माणिक, धरायचं का?" नियम माझाच. म्हटलं, धरा. 'जका'ही धरलं. मग एक पत्रिका त्यांनी चष्म्याजवळ नेली. "वा! 'सौ. जनकाबाई.' दीर्घ-ऱ्हस्व सगळं जागेवर, आणि शेवटी पूर्णविराम. हे कोण बुवा?"

म्हटलं, "असंल कोणीतरी शिकलेलं. मोजा पुढं."

बाजार गल्ली: भागवत सात, मी एकतीस, जनका बत्तीस.

सगळं गाव धरलं तर मला १२७, तिला १०९, भागवतला २४. इलेक्टर तिला नऊ, मला सहा. भागवत हिशेब करत करत माझ्याकडं आला, "जास्त मतं तुमाला, आन् खुर्ची बाईला? हे कसलं शास्तर?" त्याला सांगितलं, तिकडं दोन हजार साली असंच झालं, दोन हजार सोळालाही असंच. जास्त मतं घेऊन माणूस घरी जातो.

माझ्या बाबतीत निदान दोघं एकाच घरी जाणार.

१७ डिसेंबर, मंगळवार

इलेक्टरांचा दिवस. सकाळीच भागवत दुकानात. बाजार गल्लीचे तिघं इलेक्टर त्याच्या बैठकीतले. "त्यांना फिरवतो. तुमच्या नियमात कुठं लिहिलंय की फिरायचं न्हाई? मी हरलो तर हरलो, पण बाई काहून? तुमीच बसा."

खरंच लिहिलेलं नाही. तिकडं बऱ्याच राज्यांनी त्यासाठी कायदा केलाय, मी ते कलम विसरलो. मी! आणि खुर्ची तर समोर दिसत होती, दुकानातून वाचनालयाचं दार सरळ दिसतं.

म्हटलं, "भागवत, काही कलमं लिहावी लागत न्हाईत. तिघांना सांग, गल्लीनं जिथं पाठवलं तिथंच जायचं. न्हाई तर तुझी मोटार जळंल तेव्हा दुसरा मिस्तरी बघ."

नऊ-सहा. गुरुजींनी किल्ली जनकाच्या हातात दिली. तिनं ती कमरेला खोचली, जसं काही ती तिथंच असायची. खुर्चीत बसली नाही. ती उचलून खिडकीपाशी उजेडात ठेवली आणि म्हणाली, दुपारी जी आधी येईल ती बसंल. दोन वाजता राणी आली. अर्ध्या तासानं प्रतीक्षा, तिला सतरंजी मिळाली. मी रस्त्याच्या या बाजूनं बघत होतो. हातात पेपर होता, तो वरच धरला.

१८ डिसेंबर

सकाळी दुकान उघडायला गेलो. पाटीवर 'मिळेल'नंतरच्या पूर्णविरामावर कुणीतरी कुंकू लावलंय. नेमकं मधोमध.

पुसलं नाही.