चासी मार्लाची, बॉडी ब्रेंटची

मी, अर्डिस लिंडक्विस्ट, कै. वर्न लिंडक्विस्ट यांची पत्नी, वय शहात्तर, राहणार डोव्हर क्रीक, नेब्रास्का, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहिते. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उलट आज दुपारपासून मीच घरात सगळ्यांवर ओरडते आहे. हे आजच लिहिण्याचं कारण माझा मुलगा ब्रेंट. तो मघाशी इथे टेबलाशी उभा राहून म्हणाला, "आई, गाडी बाबांनी मला दिलीये. तुझी असेल तर कागद दाखव." हा घे कागद.

१. राहतं घर ब्रेंट आणि माझी मुलगी मार्ला यांना निम्मं-निम्मं. विकायचं असेल तर दोघांनी एका टेबलाशी बसून ठरवावं. ईस्टरपासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, हे मला ठाऊक आहे. बोला आता.

२. वर्नचं वेल्डिंग मशीन, पाने आणि जॅक मार्लाला. ती धान्याच्या कोठारांवर चढून वेल्डिंग करते आणि तिने जोडलेला एकही सांधा आजवर सुटलेला नाही. ब्रेंटने यावर तोंड वाकडं करू नये.

३. माझ्या अंत्यविधीनंतरच्या जेवणात चर्चच्या बायकांनी ती किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेली आणू नये. चाळीस वर्षं गोड बोलून खाल्ली. आता पुरे.

४. आता गाडी. छप्पन सालची वर्नची पिकअप, तिची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, गंजून भुगा झाली होती. मागच्या हिवाळ्यात मी भंगारवाल्याकडून एक नवी पिकअप विकत घेतली. ठोकलेली होती, पण खालची चासी, इंजिन, ब्रेक सगळं धडधाकट. तिचे कागद माझ्या नावावर आहेत. त्या चासीवर जुनी बॉडी बसवायची, हे ब्रेंटचं स्वप्न. मला कौतुक होतं, खोटं कशाला बोलू? रंग तर त्याने असा काढला की वर्न असता तर रडला असता.

पण नवी चासी लांब पडली. मधला तुकडा काढून दोन टोकं जोडावी लागली. अशा वेळी काप पायरीसारखा घ्यायचा आणि आतून जाड पट्टी मारायची. ब्रेंटने काप घेतला सरळ, सुरीने केक कापावा तसा. पट्टी मारली नाही. वर वेल्डिंगची कड ग्राइंडरने घासून सपाट केली आणि काळा रंग दिला, कारण जत्रेतल्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात लोक आरसा धरून गाडीच्या खाली बघतात आणि सांधा दिसला तर नाकं मुरडतात! नटवेपणा मेला! ईस्टरला मार्ला खाली सरपटली, बाहेर आली आणि म्हणाली, "दादा, हे तुटणार." हा म्हणाला, "तू तुझी कोठारं बघ." ती जेवण टाकून निघून गेली.

आज सकाळी मी केबिन आणि मागचा हौदा यांच्यामधल्या फटीत बोट घातलं. वर जेमतेम शिरतं. खाली दोन बोटं जातात. ईस्टरला फट सारखी होती. चासी मधोमध बसायला लागली आहे. रंगावर केसाएवढी रेघही उठली आहे, नेमकी सांध्यावर. ब्रेंटला हात धरून दाखवली. म्हणे, "रंग तडकलाय, आई. तुला सगळीकडे संकटंच दिसतात."

उद्या जत्रेची मिरवणूक. हौद्यात गवताच्या गठ्ठ्यांवर माझी नात टेस आणि तिच्या वर्गातली पोरं बसणार, लोकांवर चॉकलेट-गोळ्या उधळणार. पुलावरच्या खड्ड्यात सांधा सुटला, तर गाडी मधून मोडेल आणि पोरं खाली येतील. मला भीती वाटते.

म्हणून: बॉडी वर्नने तोंडी दिली होती, ती ब्रेंटला. चासी मार्लाला. दोघांना जोडणारे बोल्ट टेसला. तिघांच्या संमतीशिवाय ही गाडी जागची हलणार नाही.

हे लिहिताना शेडमध्ये इंजिन सुरू झालं आहे. एक किल्ली माझ्या ॲप्रनच्या खिशात आहे. त्याने दुसरी करून घेतली असणार. आजच गाडी मैदानावर नेऊन रांगेत लावायची म्हणतो.

शेजारचा डेल इथे बसला आहे. तो म्हणतो, "अर्डिस, मृत्युपत्र माणूस मेल्यावर चालतं. तोवर चासी तुझीच."

माझीच ना? मग मीच अडवते.

५. मार्लाला फोन केला आहे. एवढंच म्हणाली, "निघाले. त्याला हलू देऊ नकोस." तासाभरात पोचेल. तोवर मी स्वयंपाकघरातली खुर्ची शेडच्या दारात टाकून बसते आहे. ब्रेंट, तू काच खाली करून "आई, बाजूला हो" म्हणशील. मी होणार नाही. गाडी माझ्या अंगावरून काढलीसच, तर वरची सगळी कलमं त्या क्षणी लागू होतील आणि चासी मार्लाची झालेली असेल. तेव्हा बाळा, परक्याची वस्तू आहे, जिथे असशील तिथेच उभी कर.

सही: अर्डिस लिंडक्विस्ट

आमच्यासमक्ष सही केली:
१. डेल ओस्ट्रॅन्डर, शेजारी
२. फर्न व्होबोरिल, शेजारीण (मीही खुर्ची आणली आहे)

स्थळ: शेडचं दार, डोव्हर क्रीक
दिनांक: २५ जुलै २०२५, शुक्रवार. इंजिन चालू आहे.