तुमच्या बॅरलचा तळ सुटला

अहो,

गेलेल्या माणसाला लिहायचं तर मायेनं सुरुवात करावी, असं म्हणतात. मला ते आज जमायचं नाही. मी चिडलेय, आणि ज्याच्यावर ओरडायचं तो माणूस समोर नाही, म्हणून कागद घेऊन बसले.

मागच्या रविवारी तुमच्या बॅरलचा तळ सुटला. जाळीवर कोंबड्या लावलेल्या, झाकण बंद, धूर छान धरलेला, फाटकात दोन गिऱ्हाईकं उभी. आणि खालचा पत्रा फाटून सगळा विस्तव धाडकन फरशीवर! माझ्या साडीचा काठ जळाला. पाय थोडक्यात वाचला. गिऱ्हाईक बाई किंचाळली, आणि मी चिमटा हातात धरून तुमच्या नावानं बोटं मोडली.

तेव्हापासून घरात एकच विषय. जुनंच नीट करायचं की नवं आणायचं? सगळ्यांना माझं उत्तर देऊन झालं. तुम्हालाच द्यायचं राहिलंय.

किती हौस तुम्हाला त्या बॅरलची! कागलच्या एमआयडीसीतली नोकरी सुटली तेव्हा लोक पानाची टपरी टाकतात, रिक्षा घेतात. तुम्ही कुठून तरी तेलाचं रिकामं बॅरल आणलंत, आडवं चिरलंत, बिजागऱ्या लावल्यात, वर धुराडं बसवलंत आणि सांगितलंत, "आता धुरातली कोंबडी करायची." कोल्हापुरात! जिथं तांबडा-पांढरा नसेल तर माणसं ताटाला हात लावत नाहीत, तिथं रस्सा नसलेलं कोरडं मटण विकायला निघालात. शेजारच्या काकी म्हणाल्या, "ह्यांचं डोकं फिरलंय काय?" मी तुमची बाजू घेऊन भांडले त्यांच्याशी. मनात म्हणत होते, खरंच फिरलंय.

पण लागलं लोकांना वेड. आंब्याचं लाकूड, वर उसाची चिपाडं, आणि मांसाला माझी कांदा-लसूण चटणी नि गूळ चोळलेला. पाचगावातनं रंकाळ्यापर्यंत वास जातो, असं सांगत सुटायचात. चटणी माझी, हे मात्र कधी सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं हो?

आता गंजाचं सांगते. तुम्हाला राग येईल, येऊ दे.

ते बॅरल पावसानं नाही गंजलं. तुम्ही गंजवलंत! दर खंडेनवमीला तुमचं ठरलेलं. कारखान्यात मशीन धुऊन-पुसून पूजायची सवय, तीच घरी आणलीत. बॅरल उघडायचं, आत साबणाचं पाणी ओतायचं, तारेच्या घासणीनं आतला सगळा काळा थर खरवडून काढायचा, बाहेरून चंदेरी रंग फासायचा, मग हळदीकुंकू आणि झेंडूची माळ. नवरदेवासारखं नटवायचात त्याला. मी दरवेळी सांगायची, अहो, तो काळा तेलकट थरच लोखंडाला राखतो. माझा भाकरीचा तवा मी कधी साबणानं घासलेला बघितलाय का? त्यावर तुमचं एकच, "तवा निराळा आणि मशीन निराळी. तुला काय कळतंय त्यातलं?"

मला काय कळतंय! तवा अजून चुलीवर आहे. बॅरल बघा कुठं गेलं.

असो. तळ सुटल्याचं कळल्यावर पहिला फोन अमोलचा. तुमचा लेक पुण्यात बसून सगळं ठरवतो. "आई, स्टीलचा स्मोकर बघितलाय, तापमानाचं घड्याळ असलेला. जुनं टाकून दे." मोबाइलवर फोटो पाठवले. चकाचक. एखाद्या दवाखान्यात शोभेल असं यंत्र. त्यात चिपाडं घालायला जागाच नाही, लाकडाचा भुसा घालायचा म्हणे. मी विचारलं, भुशाला आपली चव येईल का? तर म्हणतो, "आई, तू उगाच इमोशनल होतेस." चवीबद्दल विचारलं तर मी इमोशनल!

दुसऱ्या दिवशी नेसरीहून तुमचे धाकटे बंधू आले. अंगणात शिरले ते थेट बॅरलजवळ. हात जोडले. डोळे पुसले.

"वैनी, ह्याला हात लावायचा न्हाय. दादाची आठवण हाय ही. ठिगळ मारू, रंग देऊ, हितंच ठेवू."

"आणि मी कोंबडी कशात करू?"

"ते बघू की नंतर. कोंबडी काय पळून जातीया व्हय?"

एवढा राग आला मला! तुम्ही असताना हेच भावजी म्हणायचे, दादा मटण जाळत बसतोय म्हणून. आता त्या पत्र्याला हार घालायला निघाले. बुधवार, शुक्रवार, रविवार त्या धुरात डोळे चोळत मी उभी असते. हे घर त्यावर चाललंय. त्यांना आठवण पाहिजे, लेकाला चकाचक पाहिजे. मला काय पाहिजे, हे विचारायला दोघांनाही सुचलं नाही.

शेवटी आज सकाळी उद्यमनगरातल्या तुमच्या दोस्ताला बोलावलं, वेल्डिंगवाल्या रज्जाकभाईंना. त्यांनी बॅरल उलटं केलं, हातोडीनं ठोकून बघितलं, आत हात घालून चाचपलं. मग म्हणाले, "वैनी, ह्यो तळ आधीच गेलता. आतनं ठिगळ मारलंय बघा. भाऊंच्याच हातचं काम हाय."

मी वाकून बघितलं. खरंच की! आतल्या बाजूनं पत्र्याचा तुकडा, कडेनं तुमचं ते जाड वेल्डिंग, आणि बाहेरून चंदेरी रंग, कुणाला दिसू नये म्हणून. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तळ कुजलाय हे माहीत असताना मला त्याच्याजवळ उभं केलंत आणि चकार शब्द काढला नाहीत.

हे बघितल्यावर मला जे आठवलं, त्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

त्या दिवशीही तुम्हाला माहीत होतं. पाटलांच्या नातवाचं जावळ होतं, बोकडाच्या तंगड्यांची ऑर्डर होती. सकाळपासून छाती चोळत होतात. मी विचारलं तर "पित्त झालंय" म्हणालात. घामानं बनियन चिंब झाला, तेव्हा मी रिक्षा बोलावली. रिक्षा फाटकात उभी! आणि तुम्ही झाकणाला धरून म्हणालात, "पंगत बसलीया गं. पावण्यांना उपाशी ठेवून जायचं व्हय? एवढं काढतो आणि जाऊ." मी ओढलं तुम्हाला. हात झटकलात माझा. तंगड्या काढल्यात, डब्यात भरल्यात, पोचवायला लावल्यात. मग रिक्षात बसलात. दवाखान्याच्या दारात डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला पाहिजे होतं.

जरा आधी. एका पंगतीएवढं आधी!

रक्षाविसर्जनाला पाटील आले होते. माझ्यासमोर बसून म्हणाले, "काय मानूस हो! पर मटण एक नंबर झालतं बगा." तुम्हाला हे ऐकून बरं वाटलं असतं, माहितेय मला. छाती फुगवून घरभर फिरला असतात. मला मात्र त्या माणसाला उंबऱ्याबाहेर ढकलून द्यावंसं वाटलं. अजून वाटतं. कुणीही उपाशी मेलं नसतं हो त्या दिवशी. तासभर उशिरा जेवले असते. पिठलं-भात खाल्ला असता. आणि तुम्ही आज इथं बसून माझ्याशी भांडत असतात.

रडले मी रज्जाकभाईंच्या समोर. त्यांनी हातोडी खाली ठेवली. मग खिशातनं टेप काढून विचारलं, "वैनी, नवं बॅरल करायचं तर उंची किती ठिवू?"

मला आधी कळलंच नाही. उंची म्हणजे?

"म्हंजे जाळी कुठं पाहिजे तुमाला? जुनं भाऊंच्या मापाचं हाय. तुमाला वर पडत आसंल की."

वर पडतं! इतकी वर्षं मी पायाखाली फरशीचा तुकडा घेऊन कोंबड्या उलटतेय. टाचा उचलून, धूर थेट तोंडावर घेत. मान दुखते म्हणून रोज रात्री तेल लावतेय. तुम्हाला दिसत नव्हतं का? बिजागऱ्या केल्यात, धुराडं केलंत, हौसेनं झाकणाला पितळी मूठ बसवलीत. आपली बायको आपल्या खांद्याला लागते, एवढं ध्यानात आलं नाही?

मी कोपर वाकवून दाखवलं. इथं. त्यांनी माप घेतलं आणि खडूनं भिंतीवर रेघ मारली. तुमच्या मापाच्या चांगलीच खाली आली ती.

तर माझं ठरलंय. स्टीलचं यंत्र नाही आणि ठिगळही नाही. नवं बॅरल, जाड पत्र्याचं, राख काढायला खाली कप्पा, माझ्या कोपराएवढी उंची. जुनं भंगारात जाणार. भावजींना फोन करून सांगितलं. त्यांनी रडून घेतलं, मी रडू दिलं. अमोल म्हणाला, "बघ बाई, तुझं तू." तेच तर म्हणतेय मी.

खंडेनवमीला त्याला हळदीकुंकू लावीन, झेंडू वाहीन. पाण्याचा थेंब आत जाऊ देणार नाही.

आणि एक वचन देते, नीट ऐका. ज्या दिवशी माझ्या छातीत कळ येईल, त्या दिवशी मी झाकण उघडायलासुद्धा थांबणार नाही. पंगत बसलेली असू दे, पाटील असू दे नाही तर आणि कुणी असू दे. मटणाचा कोळसा होऊ दे. मी पहिली रिक्षात बसेन. तुम्ही तिकडं माझी वाट बघत असाल, तर बघत बसा.

तुमची,
सुनंदा