घोड्याची साडेतीन घरं

३ मार्च
वरचं बीपी २१०. वीस मिनिटांत ८२! एकतीस वर्षं घरोघरी विजेचे मीटर वाचले, पण असा बेभरवशाचा काटा पाहिला नाही. जावईबापू आडवे — नसांचा आजार. दहा दिवसांपूर्वी पायाला मुंग्या, आता श्वासही यंत्रावर. ऐकू मात्र सगळं येतं म्हणे, आणि पापण्या हलतात.

बीपी उतरवायला धाकट्या डॉक्टरांनी जोराचं औषध काढलं, तर मोठ्या डॉक्टरबाईंनी त्यांना थांबवलं. बीपी सांभाळणाऱ्या नसाच बिघडल्यात, ते आपोआपही कोसळतं; वरून औषधाचा दणका दिला तर माणूस हातचा जायचा. म्हणून अगदी थोडं, थेंबाथेंबाने, आणि बंद केलं की मिनिटांत ओसरेल असंच. बाई आवडल्या आपल्याला.

६ मार्च
घशातला कफ ओढताना ठोके ११२ वरून थेट ३६. उशाशी तयार ठेवलेलं इंजेक्शन नर्सने दिलं, ठोके परत आले. पोरीचा ऑफिसातून फोन — म्हटलं, सगळं झकास.

९ मार्च
ठोके ११२. काल ११२. परवाही.

मी खूश, बाई नाहीत. म्हणाल्या, चांगलं हृदय श्वासागणिक, रागालोभागणिक कमीजास्त होतं. हे एका आकड्यावर अडकलंय, कारण नसांचा निरोपच पोचत नाही. तो आकडा असा रागालोभाने हलू लागला की हा सुटला.

१२ मार्च
त्याच्याशी बोला म्हणतात. काय बोलू, कपाळ! लग्नाला माझा विरोध. सहा वर्षांत हवापाण्यापलीकडे आमची गाडी गेली नाही. शेवटी बुद्धिबळाचा पट नेला. लग्नाआधी एकच डाव खेळलो होतो. मी जिंकलो, आणि ते अजून चारचौघांत सांगतो.

त्याची सोंगटी मी दाखवायची. पापणी एकदा मिटली की हो, दोनदा की नाही. आज त्याचा वजीर मारला — तरी ११२! ढिम्म.

२१ मार्च
बीपीचं औषध तीन दिवस बंद, तरी काटा जागेवर. ठोके ९४.

डाव हरत होतो. नर्स त्याची उशी सारखी करत होती, तेवढ्यात माझा घोडा अडीचऐवजी साडेतीन घरं नेला. ही विद्या जुनीच — लग्नाआधीचा तो डावही असाच जिंकलेला. कुणाला ठाऊक नाही, फक्त या वहीला सांगतोय.

पापण्या दोनदा. पुन्हा दोनदा. मी आपला छताकडे बघत बसलो. आणि ठोके — ९४... १०३... ११८! मी ओरडलो, बाई धावत आल्या. काय केलंत म्हणून विचारलं, तर तोंडातून निघून गेलं, लबाडी! बाई पोट धरून हसल्या. पाच मिनिटांत ठोके पुन्हा ९४.

"वर गेले आणि स्वतःहून खाली आले," बाई म्हणाल्या. "नसा कामावर रुजू झाल्या."

मला रडू आवरेना. पोरगाच आहे तो माझा. घोडा मुकाट्याने मागे घेतला.

२३ मार्च
उशाशी ठेवलेलं इंजेक्शन नर्सने कपाटात परत ठेवलं. डाव हरलो. झकास!

२ एप्रिल
श्वासासाठी गळ्यात बसवलेल्या नळीला आज बोलायची झडप लावली. पोरगी त्याचा हात धरून उभी. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. महिन्याभरातले पहिले शब्द —

"बाबा, तेव्हाही हाच घोडा होता."