गोळी की छर्रे

अब्बा, आज लेकीने माझा शिवणाचा डबा उघडला आणि रिळांखालून तुम्ही दिलेली शिशाची गोळी निघाली. मी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधून सुट्टीला आले की तुम्ही मला चुलीजवळ बसवायचात आणि मासेमारीच्या जाळ्याचे जुने शिशाचे मणी वितळवून साच्यात ओतायचात. रानडुकरं भात तुडवायची, त्यांच्यासाठी. एकदा गार झालेली पहिली गोळी माझ्या तळहातावर ठेवलीत. "ठासणीच्या बंदुकीत एका वेळी एकच बार गो. म्हणून गोळी जड हवी. जनावर जागच्या जागी पडायला हवं, तडफडता कामा नये." सिस्टर प्रार्थनेत दयेबद्दल जे सांगायच्या, ते मला त्या दिवशी कळलं.

मग पलीकडच्या वाडीशी तुमचं भांडण झालं. मेलेलं डुक्कर तेच लोक न्यायचे. आपल्यात त्याला हात कोण लावणार? त्या संध्याकाळी मी साचा घेऊन येते, तर तुम्ही नळीत बारीक छर्रे ओतताय. मी विचारते, "अब्बा, याने मरेल?" "मरेल की. पण इथं नाही, रानात जाऊन. आपल्याला ओढत बसायला नको." छर्रे लागलेलं डुक्कर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बांबूच्या बेटात ओरडत होतं. मला घास उतरेना. तुम्ही हसून अम्मीला म्हणालात, "मडमेला रेडिओ लावून दे. हराम जनावरासाठी रडतेय."

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी अबूधाबीहून सुजलेलं मनगट घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही स्वतःच्या हाताने हळद लावलीत, किती हळू लावलीत! आणि त्याच आठवड्यात मला परतीच्या विमानात बसवलंत. "काय व्हायचं ते तिथं होऊ दे. माझ्या दारात नको." तेव्हा मला छर्रे आठवले, अब्बा. तुम्हालाही आठवले असतील का?

माझे मिस्टर आता नाहीत. लेक गेल्या आठवड्यात दुबई मरीनाहून बॅग घेऊन इथे, अबूधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत, माझ्याकडे आली. ओठ फुटलेला. तिच्या नवऱ्याचा रोज फोन. "मम्मी, खलास आता, ड्रामा बस. यल्ला, लवकर पाठवा तिला." आठवडाभर मी नुसतं "बघते, बघते" म्हणायची. आज म्हटलं, "ती येणार नाही. तू इथे आलास तर पोलिसांना बोलवीन." आणि फोन ठेवला.

मागे वळले तर ती गोळी घेऊन उभी. "ममा, इज धिस अ बुलेट? एअरपोर्टवर तुला पकडलं कसं नाही?" इथे आल्यापासून पहिल्यांदा हसली, ओठाला हात लावून.

"तुझ्या नानांच्या जाळ्याचा मणी आहे," मी म्हटलं. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून सांगते: तिला मी तुमच्या हळदीचीच गोष्ट सांगितली आहे. विमानाची नाही.