तक्त्यावरची शेवटची ओळ

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तू, भावोजी आणि पिल्लू मजेत असाल. इकडे सगळे ठीक आहेत. फोनच करणार होते, पण मी बोलायला लागले की आई शेजारी येऊन उभी राहते आणि बाबा पलीकडून सूचना देतात. म्हणून पत्र.

बातमी तुला आईने कळवलीच असेल. हवाई दलात वैमानिक म्हणून माझी निवड झाली. पंचवीस तारखेला प्रशिक्षणासाठी हजर व्हायचं आहे. बाबांनी माझा फोटो मोठा करून दुकानाच्या काचेत लावलाय, गॉगलच्या स्टँडच्या अगदी वर. फ्रेम बघायला आलेल्या माणसाला आधी मीच दिसते. "आमच्या घरात चष्मा फक्त विकायला असतो," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. तू घरातली नाहीस असंच त्यातून निघतं, पण त्यांना ते सुचत नाही. तू मनावर घेऊ नकोस.

केस कापले. आईने कापलेली वेणी कागदात गुंडाळून कपाटात ठेवलीय. ट्रंकसुद्धा तिने भरून ठेवलीय आणि रोज उघडून परत भरते.

काल ड्रायव्हरकाका आले होते. आठवतात ना, शाळेची बस चालवायचे ते? बाबांनी त्यांना डोळ्यांचं प्रमाणपत्र दिलं नव्हतं, तेव्हापासून डेपोत तिकीट-खिडकीवर बसतात. त्यांनी मला त्यांचा जुना गॉगल दिला. म्हणाले, "वर ऊन समोरून येत असेल. मला आता हा लागत नाही." मी घेतला. नाही कसं म्हणणार?

एका फॉर्मवर माझी सही राहिलीय. करीन.

एक विचारायचं होतं. तुला चष्मा लागला तेव्हा आपल्याला कमी दिसतंय हे तुला आधी कळलं होतं का? सहज विचारतेय.

तुझी,
घार

---

११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. दोन पानं कौतुक आणि शेवटी एकच ओळ, 'हे का विचारतेस?' मास्तरीण ती मास्तरीणच. उत्तरपत्रिकेत नेमकं कोरं सोडलेलं पान उघडलंस.

सांगते. तिसऱ्यांदा लिहायला बसलेय, आधीचे दोन कागद फाडले.

बाबांच्या दुकानातला तो अंकांचा तक्ता आठव. शाळा सुटली की मी तिथल्या बाकावर बसून अभ्यास करायचे आणि दिवसभर माणसं येऊन तो तक्ता वाचायची. कुणी अडखळत, कुणी तोऱ्यात. शेवटची ओळ पाच तीन आठ दोन सहा नऊ चार. मी त्याच ओळीवर दोरीवरच्या उड्या मारायचे. दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी बाबा आपल्या दोघींना समोर उभं करायचे. तू डोळे बारीक करून म्हणालीस, "शेवटच्या दोन ओळी दिसत नाहीत," आणि तुला चष्मा लागला. मी धडाधड वाचून मोकळी. बाबा म्हणाले, "एक ढापणी आणि एक घार." तेव्हापासून तू ढापणी आणि मी घार. मी तुला किती वर्षं चिडवलं, तुला माहीतच आहे.

ताई, तो तक्ता मी कधी वाचलाच नव्हता. मी तो म्हणत होते.

हे मला तिथे, हवाई दलाच्या तपासणीच्या खोलीत कळलं. मशीनवर डोळे बघणारे डॉक्टर त्या दिवशी रजेवर होते, तेव्हा नुसत्या तक्त्यावर भागवायचं ठरलं. मी मान वर केली तर समोर आपल्याच दुकानातला तक्ता. त्याच कंपनीचा, तसाच. मला तर आपल्या माणसासारखा वाटला. उजव्या डोळ्याने सगळं वाचलं. मग तपासणाऱ्यांनी उजवा डोळा झाकायला लावला. खालच्या दोन ओळी पार फिसकटलेल्या होत्या, जणू पाटीवर कुणी ओला हात फिरवलाय. मी घाबरले, आणि तेवढ्यात माझं तोंड आपोआप सुरू झालं. पाच तीन आठ दोन सहा नऊ चार. ते म्हणाले, "उत्तम. पुढचा." मी गप्प बसले. चूक तोपर्यंत चूक होती. गप्प बसले तेव्हा तिचं खोटं झालं.

विमान चालवायला दोन्ही डोळे चष्म्याशिवाय स्वच्छ लागतात. त्या राहिलेल्या फॉर्मवर लिहिलंय, 'माझ्या माहितीप्रमाणे मला दृष्टीचा कोणताही दोष नाही.' बाबांनी पालक म्हणून सही कधीच केलीय, खाली दुकानाचा शिक्काही मारलाय. शिक्का कुणी मागितलाही नव्हता.

रोज गच्चीवर जाऊन उजवा डोळा झाकते. समोरच्या खांबावरून दोन तारा जातात. डाव्या डोळ्याला एकच जाड तार दिसते. उद्या नीट दिसेल म्हणून रोज बघते.

मला जायचंय, ताई. हे कुणाच्या आग्रहाखातर नाही, बाबांसाठी तर मुळीच नाही. मला तिथे वर बसायचंय. म्हणूनच सांगता येत नाही. नको असतं तर डोळ्याचं निमित्त किती सोयीचं होतं. आणि सांगितलं तर बाबांचं काय? स्वतःच्या मुलीचा डोळा ज्याला तीस वर्षांच्या धंद्यात कळला नाही, त्याच्याकडे कोण डोळे दाखवायला येईल? सांगितलं तर बाबांचं नाव गेलं, नाही सांगितलं तर विमानात माझ्यामागे बसणाऱ्या कुणाचा तरी जीव. रस्त्याने चालले की लोक हात हलवतात, मी पण हलवते. घरात, दुकानात, काचेत, सगळीकडे मीच आहे, आणि बाहेर पडायला जागा नाही.

तू 'हे कर' किंवा 'ते कर' असं काही म्हणू नकोस. तू म्हणालीस तर मी ऐकेन, आणि मग आयुष्यभर तुझ्यावर ढकलेन.

तुझी,
घार

---

२२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तू कोरा कागद पाठवलास. आधी राग आला. मग कळलं, मी म्हटलं तेच तू केलंस.

सोमवारी दुपारी दुकान बंद असताना मी बाबांना म्हटलं, "बाबा, माझे डोळे तपासा."

ते हसले. "जाताजाता फुकट तपासणी?"

"भिंतीवरच्या तक्त्यावर नको. तुमच्या त्या कार्डावर."

अक्षरओळख नसलेल्यांसाठी ते कार्ड आहे बघ, त्यावर एकच खूण असते. ते हातात फिरवतात आणि खुणेचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते आपण हाताने दाखवायचं. त्यात पाठ करण्यासारखं काही नाही. बाबा खोलीच्या त्या टोकाला जाऊन उभे राहिले. मी उजवा डोळा झाकला. मोठी खूण बरोबर आली, मधलीही आली. सगळ्यात लहान खुणेला मी अंदाजाने वरची बाजू दाखवली.

"नीट बघ," बाबा म्हणाले. त्यांनी कार्ड फिरवलं. मी डावीकडे दाखवलं.

"मस्करी करू नकोस."

"करत नाहीये."

त्यांनी आणखी चार वेळा फिरवलं. मग कार्ड खाली ठेवून ते जवळ आले, तपासणीची जड फ्रेम माझ्या नाकावर चढवली आणि एकेक भिंग घालून बघू लागले. तिसऱ्या भिंगाला मला भिंतीवरची शेवटची ओळ दिसली. ताई, तिथल्या आठाच्या पोटात छपाईचा एक ठिपका आहे. इतक्या वर्षांत डाव्या डोळ्याने मी तो पहिल्यांदा पाहिला.

मग मी तपासणीच्या खोलीतलं सगळं सांगितलं. बाबा स्टुलावर बसले. म्हणाले, "पाऊण नंबर आहे फक्त. कुणाला कळणार नाही. जा तू."

आपले बाबा, ताई. फ्रेमचा स्क्रू सैल असला तर गिऱ्हाइकाला दारातून परत बोलावणारे.

मी विचारलं, "ड्रायव्हरकाकांचा किती होता?"

त्यांनी भिंगांची पेटी बंद केली. "त्याच्या बसमध्ये मुलं असायची," म्हणाले, आणि पेटी घेऊन आत गेले. जेवायलाही आले नाहीत. आईने विचारलं तर म्हणाले, "हिला विचार." मी आईला सांगितलं. ती ट्रंकेजवळ जाऊन बसली, पण ट्रंक उघडली नाही.

तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. भिंतीवरचा तक्ता उतरवून आतल्या खोलीत उलटा ठेवला, तिथे आता भिंतीवर पांढरा चौकोन दिसतो. फोटो मात्र काढला नाही. मी काढायला गेले तेव्हा तेवढं एकच बोलले, "हात लावू नकोस." लोक अजून अभिनंदन करतात, मी अजून थँक्यू म्हणते. पंचवीसला निरोप द्यायला गल्लीतले सगळे येणार आहेत. त्यांना कुणी काय सांगायचं हे आमचं अजून ठरलेलं नाही.

चौथ्या दिवशी, म्हणजे काल सकाळी, माझ्या टेबलावर दुकानाचं पाकीट होतं. आत चष्मा. कुठली फ्रेम हवी ते विचारलं नव्हतं, पण नाकावर अचूक बसली. सोबत नंबरची चिठ्ठी, कुठल्याही गिऱ्हाइकाला देतात तशी. उजवा डोळा, डावा डोळा, तारीख. खाली तपासणाऱ्याची सही असते ना, ती त्यांनी पूर्ण नावानिशी केली होती, आणि शिक्का मारला होता. या खेपेलाही तो कुणी मागितला नव्हता.

ती चिठ्ठी जोडून मी वैद्यकीय मंडळाला पत्र लिहिलं. काय घडलं ते सगळं लिहिलं, आणि माझी मशीनवर पुन्हा तपासणी करा म्हणून विनंती केली. फॉर्म सही न करता परत पाठवला. पोस्टाच्या पेटीत टाकताना हात मागे आला होता, खोटं कशाला सांगू. मशीन काय सांगेल ते मला माहीत आहे.

ड्रायव्हरकाकांचा गॉगल परत द्यायला गेले. त्यांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं आणि गॉगल घेतला. म्हणाले, "पहिलं वर्ष जड जातं." मागे रांग होती, म्हणून मी बाजूला झाले.

संध्याकाळी गच्चीवर गेले. आता तारा दोन दिसतात. मला जायचं होतं गं, ताई. लहानपणी तुला जे जे म्हणाले त्याची माफी मागते, आणि ते नाव आता मी घेते.

तुझी,
धाकटी ढापणी