हिरव्या रंगाखालचं भोक

कंधार, १२ नोव्हेंबर, संध्याकाळ

स्वतःचाच राग येऊन राहिलाय. आमच्या लोहारखान्यात विजेवर चालणारा पावर घण आहे; त्याच्या नळकांड्यात दाबलेली हवा असते, गादीसारखी. घण वर गेला की तिच्यावर टेकतो, म्हणून दणका बसत नाही. दसऱ्यापासून ती गादीच गायब होती. प्रत्येक ठोक्याचा हादरा सांडशीतून गफूरचाचांच्या मनगटात.

चाचा बाबांच्या वेळचे कारागीर. महिनाभर सांगून राहिले, "हवा कमी पडून राहिली, बेटा." आणि मी काय म्हणालो? "हवा न्हाई चाचा, वय झालंय तुमचं." तेही गिऱ्हाइकांसमोर! घण दुरुस्त करणाऱ्या लातूरच्या मिस्त्रीलाही फोनवर नाही नाही ते बोललो. दोनदा वायसर बदललं. काही फरक नाही.

आज दुपारी नळकांडं पुसताना हवा आत घ्यायचं बारीक भोक सापडेचना. नखानं खरवडलं. हिरवा ऑइलपेंट! खंडेनवमीच्या पूजेला घण मीच रंगवला होता, हौसेनं, दोन हात देऊन. पूजा केली आणि त्याचा श्वासच बंद केला.

तारेनं भोक मोकळं केलं. घण चालू केला तर आवाजच बदलला. चाचांनी तापलेला फाळ खाली धरला, चार ठोके घेतले आणि हसले. "आज माझं वय कमी झालं बग."

मीही हसलो. खरं सांगायला तोंड उघडलंच नाही. का?

घरी जाताना चाचांनी थिनरचा बोळा माझ्या हातात ठेवला. "नखातला रंग काढ, बेटा," एवढंच म्हणाले.